कळ, चमक, ठणका

आमच्या घरात दुखण्याचा एक डबा होता. पत्र्याचा, चौकोनी, झाकणावरचं चित्र घासून घासून गेलेलं. फडताळाच्या वरच्या कप्प्यात, देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी त्याची जागा. रात्री जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की तो खाली यायचा. आम्ही सात चुलत भावंडं. आज कोणी नारायणगावात आहे, कोणी चाकणला, एक बहीण नाशिकला. पण दिवाळीला ओट्यावर एकत्र बसलो आणि कुणी नुसतं ‘डबा’ म्हटलं तरी निलगिरी, कापूर, ओवा आणि जुन्या तिळाच्या तेलाचा वास सगळ्यांच्या नाकात एकदमच येतो.

डब्यात अमृतांजनची पिवळी बाटली असायची, आयोडेक्सची काळपट बाटली असायची. सुंठेचे दोन तुकडे, कापडाच्या पुरचुंडीत बिब्बे, फ्लॅनेलची एक पट्टी आणि दाभणात ओवलेला दोरा. अमृतांजन ही काही परक्या मुलखातली गोष्ट नव्हती. काशीनाथुनी नागेश्वर राव या आंध्रच्या गृहस्थांनी १८९३ मध्ये मुंबईतच ते सुरू केलं. मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात त्याच नावाचा पूल लागायचा. २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडला तेव्हा थोरली काकू म्हणाली होती, “बाटली ऱ्हायली, पूल गेला.”

घर कुकडीच्या खोऱ्यात, ओतूर आणि नारायणगावच्या मधल्या पट्ट्यात. अंगणात उभं राहिलं की लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. आजी-आबा, त्यांचे तीन मुलगे, तीन सुना. आबांचे धाकटे भाऊ तात्याही आमच्यातच होते. या सगळ्यांची अंगं आम्ही दुखताना पाहिली. पण ‘दुखतंय’ हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला. आजी उठताना उंबऱ्याला हात लावून “हे विघ्नहरा” म्हणायची. आम्हाला वाटायचं ती ओझरच्या गणपतीचं नाव घेते आहे. ती गुडघ्यातली कळ होती, हे आमचे स्वतःचे गुडघे बोलायला लागल्यावर कळलं.

आजीचा एक उपाय आमच्या वाट्याला आलेला होता. ती पालथी झोपायची आणि आमच्यापैकी सगळ्यात हलक्या पोराला म्हणायची, “पाय दे रं पाठीवर.” भिंतीला हात टेकून आम्ही तिच्या कमरेवर हळूहळू चालायचो. तिचा मणका टाचेखाली लागायचा, माळेतल्या मण्यांसारखा. “आन्‌ खाली... तिथंच... उभा ऱ्हा.” मग ती एक लांब श्वास सोडायची. त्याने खरंच बरं वाटतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं. दाब, स्पर्श, चोळणं यांचे निरोप त्या फाटकात गर्दी करतात आणि वेदनेच्या निरोपाला आत शिरायला कमी जागा उरते. बाम चोळणारा हात, गरम विटेचा शेक, निर्गुडीचा पाला बांधणं, सगळी थोडीफार याच फाटकावरची कामं. पुढे या सिद्धांतात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, मूळ कल्पना मात्र टिकली. आमची सहा वर्षांची टाच त्या फाटकावर उभी होती.

आमच्यातला एक भाऊ पायाळू. जन्मताना पाय आधी आले. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, हे आपल्याकडे गावोगाव माहीत असतं. पहाटे उजाडायच्या आत आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक कमरेला हात लावून, एका अंगाला झुकून आमच्या दारात यायचे. पाच वर्षांच्या पोराला झोपेतून उठवलं जायचं. डोळे चोळत तो माणसाच्या कमरेला तीनदा पाय लावायचा आणि परत गोधडीत शिरायचा. दोन-तीन दिवसांत माणूस सरळ व्हायचा आणि पुढच्या खेपेला मूठभर शेंगा घेऊन यायचा.

उसण म्हणजे स्नायू अचानक आखडणं. ते दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत आपलं आपण सुटतं. ते शरीराने वाजवलेलं भांडं आहे: थांब, जपून. त्याचं काम झालं की आवाज थांबतो. आमच्या घरच्या बायकांचं दुखणं मात्र पायाळू पायानेही गेलं नाही, कारण ते उसणीचं नव्हतंच. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं किंवा पुन्हापुन्हा उलटणारं दुखणं ते जुनाट दुखणं, असं आता वैद्यकात धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या नव्या यादीत त्याला स्वतःचं घर मिळालं. तोवर दुखणं म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी आजाराची सावली, इतकीच त्याची किंमत होती. आमच्या घरी तर तेवढीही नव्हती.

थोरली काकू घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. पौषात कांद्याची लागण सुरू झाली की सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत ती वाफ्यात उकिडवी. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचं बोट चिखलात, एक रोप, एक पाऊल मागे. घरी आल्यावर चूल जमिनीवर, भाकरीचं पीठ जमिनीवर, भांडी जमिनीवर, परसाकडेला जायचं तेही उकिडवंच. चाळिशीत तिचे गुडघे धरले. उठताना कट्‌ असा आवाज यायचा आणि आम्ही तो मोजायचो. त्याची आज लाज वाटते.

आजीने तिच्या गुडघ्यावर बिब्बा लावला होता. दाभणावर टोचून दिव्यावर धरला की बिब्ब्यातून काळं तेल सुटतं, ते थेंबाथेंबाने. ते तेल कातडी जाळतं. तो बिब्बा उतला, फोड आले, महिनाभर चिघळले आणि गुडघ्यावर रुपयाएवढा काळा डाग कायमचा राहिला. त्या आगीपुढे आतली कळ काही दिवस विसरायला झाली एवढंच.

मग पुड्या आल्या. आठवडी बाजारात एक माणूस बसायचा, त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. करड्या रंगाची भुकटी, कागदाच्या चौकोनी पुडीत, सकाळी एक रात्री एक. आठव्या दिवशी काकू वाफ्यात आजीच्याही पुढे गेली. “चमत्कार हाय,” म्हणाली. दोन वर्षं तिने त्या पुड्या खाल्ल्या. तिचा चेहरा गोल, भरलेला दिसायला लागला, गाल तुकतुकीत झाले. लग्नकार्यात बायका म्हणायच्या, “थोरलीची तब्येत सुधारली बाई.” आम्हीही तसंच म्हणालो. ती सुधारणा नव्हती, स्टेरॉइडची सूज होती. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, रक्तातली साखर चढते, हाडं आतून विरविरीत होतात, कातडी इतकी पातळ होते की बांगडी लागली तरी काळंनिळं पडतं. हे सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं होतं आणि वाचणारं घरात कोणी नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. पाय सुजला म्हणून काकू गेली होती. बाईंनी पायाकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, “मावशी, पुड्या खाता का?” त्यांची दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती. पुड्या तडकाफडकी बंद करायच्या नाहीत, म्हणाल्या. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं, एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. त्यांनी मोजून गोळ्या दिल्या आणि महिन्यामहिन्याने उतरवत नेल्या. स्टेरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही. दम्याला, काही सांधेवातांना ते जीव वाचवतं, आणि गुडघ्यात दिलेलं एखादं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. पुडीत काय आणि किती आहे हे खाणाऱ्याला माहीत नसणं, हा खरा घात होता.

पुढची पंधरा वर्षं काकू लेण्याद्रीला गेली नाही. पावणेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत त्या. वर न्यायला डोली मिळते, पण ती म्हणायची, “चार मान्सांच्या खांद्यावर एकदाच जायचं.” अंगणातूनच हात जोडायची. ओझर सपाटीला, तिथे जायची.

गुडघा बदलता येतो हे तोवर ऐकू यायला लागलं होतं. पुण्यातल्या डॉ. कांतीलाल संचेतींचं नाव आमच्याकडे घरोघर होतं. १९६५ साली त्यांनी रुग्णालय काढलं आणि पुढे ‘इंडस’ नावाचा देशी कृत्रिम गुडघा तयार केला, भारतीय माणसाच्या पायाला बसेल आणि खिशाला परवडेल असा. तरीही बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सांध्यांचे भाव आमच्या आवाक्यातले नव्हते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने सांध्यांच्या किमतीला मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, जो दीड लाखाच्या पुढे जायचा, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. ती बातमी पायाळू भावाने मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवली होती. टोमॅटोचे पैसे हातात होते. २०१८ च्या दिवाळीनंतर काकूचा उजवा गुडघा बदलला, वर्षाने डावा.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं, आणि खरं दुखणं तिथून पुढे सहा आठवडे. गुडघा वाकवायचा, रोज आणखी थोडा. ती ओठ दाबून वाकवायची. हे आधी सांगितलं पाहिजे होतं असं आम्हाला आजही वाटतं. लोक ऑपरेशनचा खर्च सांगतात, व्यायामाचा घाम सांगत नाहीत. आणि मांडी गेली. पंगतीला ती खुर्चीवर बसते, सगळ्यांच्या वर, आणि तिला ते आवडत नाही. पुरण वाटायला पाट्यापाशी बसता येत नाही. पण पहिल्या महिन्यानंतर तिने जे सांगितलं त्यात गुडघ्याचं नावच नव्हतं. “रातभर झोपले,” म्हणाली. “कूस बदलली तं जाग नाही आली.”

आईचं दुखणं वेगळं. १९९३ च्या उन्हाळ्यात विहिरीवरून दोन हंडे आणताना तिच्या कमरेतून चमक निघाली ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. विजेची तार ओढल्यासारखी, असं ती सांगायची. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. असा माणूस गिधाडासारखा लचकत चालतो म्हणून ते नाव, असा अर्थ वैद्य सांगतात. डॉक्टरांनी तिला फळीवर झोपवलं, पायाला वजनं लावली. तीन आठवडे ती माजघरात आढ्याकडे बघत पडून होती. तेव्हा सगळीकडे तोच रिवाज होता. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी कंबरदुखीच्या रोग्यांची तुलना करून दाखवलं, की अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा जमेल तेवढी रोजची कामं करत राहणारे लवकर बरे झाले. ते आमच्या माजघरात पोचायला आणखी दहा वर्षं लागली.

मधल्या काळात इंजेक्शनं. डायक्लोफिनॅकची सुई कमरेत बसली की अर्ध्या तासात आई उभी राहायची आणि थेट गोठ्यात जायची. त्याच काळात, १९९७ च्या सुमाराला, आबांचा बैल शर्यतीच्या घाटात पाय मुरगळून आला. आमच्या भागात बैलगाड्याचा बैल म्हणजे घरातला माणूस. गुरांच्या डॉक्टरांनी त्यालाही तेच औषध टोचलं. नाव सारखं, बाटली मोठी. बैल दोन दिवसांत उभा राहिला आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लहानपणी मेलेलं जनावर ओढ्यापलीकडे टाकलं की दोन तासांत गिधाडं उतरायची. पंख अर्धवट पसरून ती उड्या मारत चालायची, ते आम्ही बांधावर बसून बघायचो. हळूहळू ती यायची थांबली. कारण २००४ मध्ये उजेडात आलं. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि माणसांच्या नावाने मोठ्या बाटल्या निघून गोठ्यात वापरल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद झाल्या, माणसासाठी एका वेळेची ३ मिलिची सुईच उरली. गिधाडावरून नाव पडलेलं दुखणं आणि गिधाडांना मारणारं औषध एकाच उंबऱ्याच्या आत होतं, हे आठवलं की आबांच्या डोळ्यांतलं ते पाणीही आठवतं. त्यांनी बैलावर प्रेमच केलं होतं. माणसाची मूत्रपिंडं त्या पक्ष्याइतकी नाजूक नसतात, पण वर्षानुवर्षं रोज या जातीच्या गोळ्या घेतल्या की तीही शिणतात, पोटात व्रण होतात. आईचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं की आजवर किती सुया घेतल्या. आम्हाला आकडा सांगता आला नाही.

पायातली आग आणि मुंग्या यांवर त्या सुया फारशा चालतही नाहीत, हे उशिरा समजलं. ते दुखणं शिरेचं असतं. त्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारखी शिरा शांत करणारी औषधं असतात. आईला ती थोडे महिने दिली. खरी कमाई मात्र फिजिओथेरपीची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. पाठीवर झोपून कंबर उचलायची, दहा मोजायचे. सकाळ-संध्याकाळ, रोज, बरं वाटलं तरी. आईने आयुष्यभर खळ्यावर धान्य मापलं होतं. ती ‘एक’ म्हणतच नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचं हे तिच्या जिभेत मुरलेलं. संध्याकाळी चटईवरून आवाज यायचा, “लाभ... दोन... तीन...” आणि नातवंडं तिच्याबरोबर मोजायची. आमची पोरं शाळेत गणित घालतानाही ‘लाभ, दोन’ म्हणाली, म्हणून बाईंनी विचारायला बोलावलं होतं.

तात्यांबद्दल थोडकंच लिहितो, जास्त लिहवत नाही. तंबाखू. जबड्याचा कर्करोग, २०११. शेवटच्या तीन महिन्यांत ते रात्री भिंतीला डोकं टेकून बसायचे. अशा वेदनेला मॉर्फिन लागतं आणि ते मिळालं तर माणूस घरच्यांशी बोलत बोलत जाऊ शकतो. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी रांग लावली होती की दवाखाने ते ठेवायलाच धजत नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने ती सैल झाली, तात्यांना उशीर झाला होता. पुण्यात वारज्याला सिपला फाउंडेशनचं उपशामक उपचार केंद्र १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. कुणीतरी एस.टी.त सांगितलं म्हणून आम्ही तिथे पोचलो. शेवटचे एकोणीस दिवस तात्यांना दर चार तासांनी औषध मिळालं, दुखण्याची वाट न बघता, घड्याळ बघून. त्या दिवसांत त्यांनी आम्हाला कुस्तीचे डाव सांगितले.

आता धाकटी काकी. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

तिचं माहेर जुनं आंबेगाव. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव डिंभे धरणात गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. लग्न होऊन आली तेव्हा गाव होतं. पावसात भाताची आवणी करत वाढलेली, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून, पाठीवर इरलं. आमच्याकडे आली तेव्हा तिची चाल इतकी हलकी होती की आजी म्हणायची, पैंजण नसते तर ही आल्याचं कळलंच नसतं.

तिशीनंतर तिची मान दुखायला लागली. मग खांदे, मग खुबे, मग सगळं अंग. बांगड्या घालताना दुखायचं. लेकरू मांडीवर बसलं तरी दुखायचं. रात्री झोप नाही आणि सकाळी उठली की दळण दळल्यासारखी थकलेली. एक्स-रे काढला, रक्त तपासलं, सांधेवाताच्या तपासण्या केल्या. नॉर्मल. दुसरीकडे नेलं, पुन्हा नॉर्मल. त्या शब्दाने तिचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुखण्याने केलं नाही. दारात आलेल्या पाहुण्यांपुढे घरचेच म्हणायचे, “रिपोर्टात तं काहीच नाय.” देवऋषी झाला, उतारा झाला, बाहेरचं आहे म्हणून एका अमावास्येला तिला ओल्या लुगड्यानिशी बसवलं. कामाचा कंटाळा आहे, असं बोलणाऱ्यांत आम्ही पोरंही होतो. कॉलेजात शिकणारी, आपल्याला सगळं कळतं असं समजणारी. आमच्यातल्या एकाने ते तिच्यादेखत म्हटलं होतं. तो मी.

२०१६ मध्ये नाशिकची बहीण तिला वेदना उपचाराच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “कसं दुखतं?” कुठे नाही, किती दिवस नाही. कसं. काकी गप्प. पंचवीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. मग डॉक्टर म्हणाले, घरी जा, कसं दुखतं आणि दहापैकी किती दुखतं याची वही करा आणि पुढच्या वेळी घेऊन या.

मेल्झॅकने १९७५ मध्ये वेदनेचे ७८ शब्द गोळा करून त्यांचे वीस गट पाडले होते. दुखणं कोणत्या शब्दात सांगितलं जातं यावरून ते कुठल्या जातीचं हे ओळखायला मदत होते. त्या इंग्रजी यादीपुढे आमची काकी चटईवर बसली आणि मी लिहीत गेलो. मानेत ओढ. खांद्यात भरून येतं. पाठीत सणक. खुब्यात ठणका. पोटरीत गोळे. तळपायाला आग. बोटांना मुंग्या. डोक्यात ठसठस. मनगटात शिणक. सकाळी अंग मोडून येतं, पाऊस यायचा असला की हाडं फुटतात, कामात नुसती रग लागते. दुपारी सुरू केलं, दिवे लागले तरी ती बोलत होती. एकही शब्द दुसऱ्यासारखा नव्हता. मी म्हटलं, काकी, दहापैकी किती दुखतं ते विचारलंय. तिने पिकाची आणेवारी लावतात तशी लावली. “मान बारा आणे. कंबर चौदा आणे धर. सोळा नको लिहू, सोळा तुझा भाऊ झाला तवा होतं.”

डॉक्टरांनी ती वही वाचली, अख्खी. फायब्रोमायाल्जिया, म्हणाले. सांध्यात काही नाही, म्हणून फोटोत दिसत नाही. निरोप नेणाऱ्या यंत्रणेतच बिघाड आहे. आमचा पायाळू भाऊ म्हणाला, “म्हंजे विहिरीवरच्या स्टार्टरसारखं. काँटॅक्टर चिकटला की बटण बंद केलं तरी मोटर चालूच ऱ्हाते.” डॉक्टरांनी मान डोलावली. काकी एवढंच म्हणाली, “म्हंजे मोटर चालू होती.” आणि पदर तोंडाला लावून रडली.

रात्री अमिट्रिप्टिलिनची लहानशी गोळी. औषधाच्या दुकानात कुणी तिला ‘ही तर डिप्रेशनची’ म्हणालं, तेव्हा तिने आठवडाभर घेतली नाही. ह्याच औषधाचा थोडा डोस वेदनेवर आणि झोपेवर काम करतो, हे पुन्हा समजावलं. रोज कालव्याच्या कडेने चालणं, पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग सात. बरं वाटतं त्या दिवशी सगळी कामं उपसायची नाहीत, हे तिला सगळ्यात अवघड गेलं. स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा केला, कांदा निवडायला बुटकं स्टूल आणलं, संडासात कमोड बसवला. ही औषधं कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती. दुखणं गेलं नाही. चौदा आण्यांचं आठ-नऊ आण्यांवर आलं.

ती वही तिने सोडली नाही. चौथीपर्यंत शाळा झालेली, अक्षर मोठं, ओळी वर चढत जाणाऱ्या. गेल्या मे महिन्यात डिंभ्याचं पाणी खूप खाली गेलं होतं. पाणी हटलं की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. तिने जायचं ठरवलं. गाडी जाईल तिथपर्यंत भावाने नेली. पुढे भेगाळलेल्या गाळातून ती एकटी चालत गेली, वीस पावलं की थांबायची, परत चालायची. कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही काठावर उभे होतो. पाऊण तासाने परत आली आणि गाडीत बसल्याबरोबर पिशवीतून वही काढली.

‘रविवार. मान सहा आणे. खुबा दहा. तळपाय बारा आणे, आग. चालले. आमचं जोतं दिसलं.’